आपल्या घरातला शिपाई आपणच शोधायचा आहे!

१ जानेवारीला भीमा कोरेगावला लाखो लोक येतात. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, लेकराला खांद्यावर घेतलेले बाप, पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या आया, सगळे त्या स्तंभासमोर येऊन माथा टेकवतात आणि अभिमानाने सांगतात, आमचे पूर्वज इथे लढले. हा अभिमान रास्त आहे. पेशवाईच्या काळात ज्यांना माणूस म्हणून रस्त्याने चालता येत नव्हते, त्यांच्या लेकरांनी या अभिमानाला जपलेच पाहिजे. परंतु त्या रांगेतल्या कुणालाही एक साधा प्रश्न विचारून पाहा. तुमच्या घरातला कोण लष्करात होता? त्याचे नाव काय? पलटण कोणती? पेन्शन घ्यायला तो कुठे जात असे? दहापैकी नऊ जण गप्प होतील. एखादा म्हणेल, "आजा सांगायचा, त्याचा आजा सुभेदार होता." बस, तेवढेच!

समाजाचा इतिहास आपल्याला पाठ आहे, पण घराचा इतिहास ठाऊक नाही. आजचा विषय तोच आहे.

कोरेगावच्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची ४९ नावे कोरलेली आहेत. त्यातली २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे पूर्वाश्रमीच्या महारांची आहेत. सोमनाक कमळनाक नाईक, रायनाक येसनाक नाईक. शिपायाचे नाव आणि त्याच्या बापाचे नाव. आडनाव नाही, गाव नाही, जिल्हा नाही. ही नावे दगडावर आली कारण ती माणसे १ जानेवारी १८१८ रोजी तिथे पडली. जी जगली त्यांची नावे कोणी कोरली नाहीत. आणि कोरेगाव ही तर एक लढाई. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात आपले लोक त्याआधीही होते आणि त्यानंतर १८९२ च्या सुमारास भरती बंद होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या होते. हे हजारो शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार कुणाचे तरी पणजोबा, खापरपणजोबा होते. त्यातले काही तुमच्या घरातले असतील. त्यांच्यासाठी सरकार स्तंभ उभा करणार नाही. त्यांचे नाव घरच्यांनीच शोधायचे आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, चळवळीपुढे एवढे प्रश्न असताना ही वंशावळीची हौस कशाला? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर खुद्द बाबासाहेबांच्या घरात आहे. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सकपाळ लष्करात होते. वडील रामजी सुभेदार होते. आई भीमाबाईंचे माहेर मुरबाडकरांचे, तेही लष्करी सुभेदाराचे घर. बाबासाहेबांचा जन्म झाला तोच महूच्या छावणीत. लष्करी शाळेत रामजी १४ वर्षे हेडमास्तर होते. ज्या काळात गावच्या शाळेत आपल्या मुलाला पायरीवरही बसू देत नव्हते, त्या काळात छावणीतल्या शिपायाच्या मुलांना, आणि मुलींनासुद्धा, अक्षरओळख होत होती. रामजी सुभेदारांच्या घरात पुस्तक होते, पाठांतर होते, इंग्रजी होते. ते पलटणीच्या शाळेतून आले, इंग्रजांच्या दयेतून नव्हे. महिना ७ रुपयांच्या पगारावर रक्त सांडून ते मिळवलेले होते.

आणि पेन्शन! या एका गोष्टीकडे आपल्या इतिहासकारांनी अजून हवे तेवढे लक्ष दिलेले नाही. गावातल्या महाराची भाकरी पाटील-कुलकर्ण्यांच्या मर्जीवर होती. बलुते बंद केले की चूल बंद. पेन्शनर शिपायाची भाकरी मात्र सरकारी खजिन्यातून यायची. गावाला ती तोडता येत नव्हती. म्हणून पहिला आवाज उठवला तो पेन्शनरांनी. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले, दापोलीला राहिले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून शंकराचार्यांपासून सगळ्यांना जाब विचारला. येसकराच्या काठीला बांधलेला माणूस हे करू शकला असता काय? महाडच्या परिषदेत मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी दापोली भागातल्या लष्करी पेन्शनरांचा आणि लष्कराची दारे बंद झाल्याने झालेल्या नुकसानीचा मुद्दाम उल्लेख केला होता. १९२७ मध्येच समता सैनिक दल उभे राहिले, त्यातही पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते. चवदार तळ्याच्या आधी छावणी आहे, हे विसरून चालणार नाही. तुमच्या घरातला शिपाई या साखळीतली एक कडी आहे.

आता विरोधकांच्या आवडत्या आरोपाकडे वळू. "तुमचे पूर्वज इंग्रजांचे भाडोत्री होते, देशद्रोही होते!" हा आरोप कोण करतो ते पाहावे. कंपनीच्या बंगाल लष्करात ब्राह्मण आणि रजपूत शिपायांचा भरणा होता. मुंबई लष्करात मराठे होते, मुसलमान होते, बेने इस्रायली होते. कोरेगावला पेशव्याच्या बाजूने अरब लढले, ते कोणत्या देशासाठी? त्यांच्या नातवांना कोणी देशभक्तीचे सर्टिफिकेट मागत नाही. ते फक्त आपल्याकडे मागतात. ज्या राज्यात तुमची सावली गुन्हा होती त्या राज्यासाठी तुम्ही का मेला नाहीत, असे विचारणाऱ्याला लाज वाटायला हवी. बाबासाहेबांनी तर हा विषय कधीच लपवला नाही. 'द अनटचेबल्स अँड द पॅक्स ब्रिटानिका' या लेखनात कंपनीच्या विजयात अस्पृश्य शिपायांचा वाटा किती मोठा होता हे त्यांनी उघड मांडले, आणि त्याच इंग्रजांनी अस्पृश्यांसाठी काय केले हा हिशेबही मागितला.

पण विरोधकाला उत्तर दिले म्हणजे आपले काम संपत नाही. आपल्याशीही प्रामाणिक राहावे लागते. मुंबई लष्कराच्या पलटणी १८४३ मध्ये सिंधमध्ये मियानीला लढल्या, १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात होत्या, १८६८ मध्ये अबिसिनियात गेल्या, १८८० मध्ये अफगाणिस्तानात मैवंदला कापल्या गेल्या. सिंधी, अफगाण किंवा हबशी माणसाने आपले काय वाकडे केले होते? काहीही नाही. तुमच्या पणजोबाच्या कागदात यांपैकी एखादे नाव निघाले तर ते दडवू नका आणि त्याचा पोवाडाही करू नका. तो पोटासाठी आणि मानासाठी लष्करात गेला, लष्कराने त्याला जिथे पाठवले तिथे तो लढला, ही खरी नोंद आहे. तो ज्या साम्राज्यासाठी लढला त्याची आरती ओवाळल्याशिवाय त्या माणसाचा मान ठेवता येतो.

तसेच आकड्यांचे. "५०० महारांनी २८ हजार पेशव्यांना हरवले" हे वाक्य आपल्याकडे भाषणात टाळ्या घेते. कोरेगावात कॅप्टन स्टाँटनकडे पायदळ सुमारे ५०० होते, पण ते सगळे महार नव्हते. शिवाय घोडदळ होते आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. पेशव्याचे सगळे सैन्यही एकाच वेळी गावात घुसलेले नव्हते. दिवसभर अन्नपाण्यावाचून ती पलटण हटली नाही आणि स्तंभावरच्या ४९ पैकी २२ नावे आपली आहेत. एवढे सत्य पुरेसे मोठे आहे. त्याला फुगवले की विरोधकाला टाचणी मिळते. १ जानेवारी २०१८ ला २०० व्या वर्षी तिथे आलेल्या लोकांवर दगडफेक झाली, तेव्हापासून हा इतिहास चौकशी आयोगापुढे आणि कोर्टातही बोलला जाऊ लागला. अशा ठिकाणी टाळीचे वाक्य उपयोगी पडत नाही, कागद पडतो. म्हणून प्रत्येक घराने आपला पणजोबा कोरेगावला होता असे म्हणू नये. कुणाचा मुलतानला असेल, कुणाचा एडनला. कुणाचा आयुष्यभर पुण्याच्या छावणीत पहारा देत राहिला असेल. तोही तेवढाच शिपाई आहे.

हे कागद मिळवणे अवघड का आहे तेही समजून घ्यावे. इंग्रज अधिकाऱ्याचा पणतू आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जातो, इंडिया ऑफिसच्या दप्तरात त्याला पणजोबाची भरती, बढती, लग्न, मृत्यू, सगळे सापडते. कंपनीच्या गोऱ्या शिपायाचीही यादी तिथे आहे. काळ्या शिपायाची यादी पलटणीतच राहायची. पलटण मोडली, विलीन झाली की ती नोंदवहीही गेली. मेल्यावरसुद्धा हाच भेद. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली, पण साध्या भारतीय शिपायांचा पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा घातला गेला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून अशा भेदभावाची कबुली दिली. त्याच वर्षी लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेल्या पंजाबातल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या पहिल्या महायुद्धातल्या नोंदवह्या संगणकावर आणण्याचे काम लोकांपुढे आले. इंग्लंडमधली शीख, मुसलमान घरे त्यात आपल्या गावाचे नाव घालून आजोबा-पणजोबा शोधू लागली. आपल्या कोकणासाठी, साताऱ्यासाठी, पुण्यासाठी असे काम कोण करणार? सरकार? विद्यापीठे? आपण मागणी तरी केली आहे का?

तोपर्यंत घरातून सुरुवात करता येते. आपल्या प्रत्येक घरात एक फाईल असते, जात पडताळणीची! मुलाच्या ॲडमिशनसाठी, नोकरीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा हवा म्हणून आपण चपला झिजवून आजोबा-पणजोबांचे कागद जमवतो. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, तहसिलातल्या कोतवाल बुकाची नक्कल, महार वतनाच्या कागदातली हिस्सेदारांची नावे. सर्टिफिकेट मिळाले की ती फाईल कपाटात जाते. ती पुन्हा काढा आणि या वेळी जातीचा रकाना सोडून बाकीचे रकाने वाचा. शाळेच्या रजिस्टरात पालकाचा धंदा लिहिलेला असेल तर तिथे 'पेन्शनर' किंवा 'लष्कर' सापडू शकते. जन्मगाव म्हणून महू, कामठी, खडकी, दापोली असे छावणीचे नाव आले असेल तर थांबा. शेतावर राबणाऱ्या माणसाचे पोर छावणीत जन्माला येत नसते. कोतवाल बुक बहुधा मोडीत असते. आपल्या पोरांनी मोडी शिकावी. ज्या लिपीत आपल्याला वेठबिगारीला लावले त्याच लिपीत आपला पुरावाही आहे.

शोधताना नावाने फसू नका. लष्करात शिपायाला आडनाव नसायचे, त्याच्या नावापुढे बापाचे नाव यायचे. गावात तोच माणूस आडनावाने किंवा कुळीने ओळखला जायचा. त्याचा मुलगा शाळेत गेला की गावाच्या नावावरून 'कर' लागायचे. सकपाळांचे आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर झाले हे आपल्याला माहीतच आहे. एकाच माणसाची अशी तीन नावे असू शकतात. 'नाक' हा प्रत्यय पुढच्या पिढ्यांनी टाकून दिला, कारण त्यावरून जात कळायची. आज तोच धागा आपल्याला मागे घेऊन जातो.

पलटणीच्या नावाचाही असाच घोटाळा असतो. अनेक जण महार रेजिमेंटकडे १८१८ ची चौकशी करतात. महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला. बाबासाहेब तेव्हा संरक्षण सल्लागार समितीवर होते. तिच्या पहिल्या टोपीबिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता खरा, पण कोरेगावला लढलेली पलटण वेगळी, मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. १८२४ मध्ये तिचा क्रमांक बदलला, १९०३ मध्ये ती १०२ वी ग्रेनेडियर्स झाली आणि आज तिचा वारसा ग्रेनेडियर्सकडे आहे. १९०३ मध्ये मुंबईच्या जुन्या पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, सातवी ती १०७ वी झाली. आजोबाने सांगितलेला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळत नसेल तर आधी शंभर वजा करून पाहा. पहिल्या महायुद्धात १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. ज्या घरात "आमचा आजा एकशे अकरात होता" असे बोलले जाते त्या घराने तो आकडा आजच लिहून ठेवावा.

घरात पदक असेल तर ते चिंचेने घासून लख्ख करू नका! त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. भिंगातून बघून ते उतरवून घ्या, कडेचा फोटो काढा. चांदीची पदके कितीतरी घरांनी दुष्काळात, लग्नात, दवाखान्यासाठी सोनाराकडे मोडली. त्याबद्दल कुणी अपराधी वाटून घेऊ नये. पोराला जगवण्यासाठी मोडलेले पदक कामीच आले. कोरेगावसाठी तर इंग्रजांनी पदक मंजूर केले ते १८५१ मध्ये, लढाईनंतर ३३ वर्षांनी, आणि तेही जे जिवंत राहिले त्यांना. म्हणून घरात पदक नाही म्हणजे शिपाई नव्हता असेही नाही.

आणि घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. पुरुष आपल्याला पलटण आणि हुद्दा सांगतात. बाया सांगतात की सासू कोणत्या छावणीच्या गोष्टी सांगायची, तिला वाचता यायचे का, नवरा परदेशी असताना पैसे कसे यायचे, पेन्शनीच्या दिवशी गावातली कोणती माणसे दारात उभी राहायची. लष्कराच्या लाइनीत राहून आलेली बाई परत गावी आली तेव्हा तिने मेलेले ढोर ओढायला नवऱ्याला जाऊ दिले का, हे कोणत्याही सरकारी नोंदवहीत सापडणार नाही.

१८९२ च्या सुमारास दारे बंद झाली तीही गोष्ट या शोधात आलीच पाहिजे. 'लढवय्या जाती' आणि 'बिगर लढवय्या जाती' असा नवा मनुस्मृतीसारखा धडा इंग्रजांनी काढला आणि ज्यांच्या बापजाद्यांची नावे स्वतःच स्तंभावर कोरली होती त्यांनाच नालायक ठरवले. वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. एखाद्या घरात शिपायांची साखळी एकाएकी तुटलेली दिसली आणि पुढचा माणूस गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत दिसला, तर त्याचे कारण त्या घरात शोधू नका. ते या भरतीबंदीत असू शकते.

पूर्वज शोधण्याचा एक धोका मात्र आहे. अमेरिकेत इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात ज्यांचे पूर्वज लढले, मग ते गावोगावच्या मिलिशियातले साधे शेतकरी का असेनात, त्यांच्या वंशज स्त्रियांनी १८९० मध्ये 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन' ही संस्था काढली. कागद दाखवा, पूर्वज सिद्ध करा, मगच सभासद व्हा! याच संस्थेने १९३९ मध्ये काळ्या गायिका मरियन अँडरसन यांना आपल्या सभागृहात गाऊ दिले नाही. मग त्या लिंकन स्मारकासमोर हजारोंच्या जमावापुढे गायल्या. कॅरन बॅचलर ही काळी स्त्री १९७७ मध्ये पेनसिल्व्हानियाच्या मिलिशियातला आपला पूर्वज कागदोपत्री सिद्ध करून तिथे शिरली, तेव्हा कुठे ते दार उघडले. पूर्वजांचा मान राखता राखता त्यांची नवी जात कशी होते ते इथे दिसते. आपल्याकडे 'आम्ही सुभेदाराच्या घरातले' म्हणून सोयरीक जुळवताना नाक वर करणारे आधीही होते आणि आजही आहेत. शिपाई पणजोबाची नोंद करताना त्याच वहीत त्याच्या भावाचीही नोंद करा, जो गावातच राहिला, ज्याने वेशीवर येसकरकी केली, थंडीवाऱ्यात टपाल पोचवले, ढोरे ओढली आणि ज्याच्या नावाची पेन्शन कधी कुणी काढली नाही. शिपायाच्या मागे राहिलेले घर त्यानेच सांभाळले असेल.

वही साधी शाळेची चालेल. पहिल्या पानावर आज जिवंत असलेल्या सर्वांत वयस्कर माणसाचे नाव आणि त्याला आठवते ते सगळे, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहा. पुढे एकेका पूर्वजाला एक पान: लष्करातले नाव, गावातले नाव, बापाचे नाव, पलटण, छावणी, पेन्शन कुठल्या कचेरीतून, बायकोचे नाव आणि माहेर. जे कागदावरून आले त्यापुढे कागदाचे नाव, जे तोंडी आले त्यापुढे सांगणाऱ्याचे नाव. जे सापडले नाही तो रकाना अंदाजाने भरू नका, कोरा ठेवा. त्यात फक्त कुठे शोधले आणि कोणत्या साली, तेवढे लिहा, म्हणजे पुढच्या पोराला तीच कचेरी पुन्हा पालथी घालावी लागणार नाही.